पलीकडे नेले की चिन्ह का बदलते?

पुढील वाक्य तुम्ही कितीदा तरी ऐकले असेल: ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते.’ अधिक असेल तर वजा होते, वजा असेल तर अधिक होते. शाळेत समीकरणे सुरू झाली की हे वाक्य भेटते आणि मग दहावीपर्यंत सोबत करते. त्याच्या जोरावर गृहपाठाच्या वहीची पानेच्या पाने भरतात. पण दोन लहानशा आडव्या रेघा ओलांडताना संख्येला असे होते तरी काय, की तिचे चिन्हच पालटावे? नदी ओलांडली म्हणून माणसाचे नाव बदलत नाही. मग संख्येचे चिन्ह का बदलावे?

शाळेत असताना मी हा प्रश्न विचारला होता. ‘‘का ते विचारत बसू नकोस, नियम पाठ कर,’’ असे उत्तर मिळाले. मी नियम पाठ केला, गुणही मिळाले आणि प्रश्न विसरून गेलो. त्याची आठवण झाली ती पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागल्यावर, एका विद्यार्थिनीमुळे.

एक वही आणि एकच चूक

अकरावीचे वर्ग सुरू होऊन दीडेक महिना झाला होता. एक मुलगी हातात अर्ज घेऊन माझ्याकडे आली. तिला विज्ञान शाखा सोडायची होती. कारण विचारले तर म्हणाली, ‘‘सर, तुम्ही शिकवता ते कळतं. पण गणितं चुकतात. घरी दोन-दोन तास बसते, तरी चुकतातच. मला हे जमणार नाही.’’

मी तिची वही मागून घेतली. पहिलेच उदाहरण गतीचे होते. एक मोटारसायकल सेकंदाला ५ मीटर वेगाने चालली आहे. तिचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो, म्हणजेच तिचे त्वरण ३ आहे. तर तिचा वेग सेकंदाला २० मीटर होण्यास किती सेकंद लागतील? लागणाऱ्या सेकंदांना क्ष म्हणून तिने समीकरण अगदी बरोबर मांडले होते:

५ + ३क्ष = २०

पुढची पायरीही बरोबर होती:

३क्ष = २० − ५ = १५

आणि त्याखाली लिहिले होते:

क्ष = १५ − ३ = १२

‘‘हे कसं केलंस?’’ मी विचारले. ती म्हणाली, ‘‘३ पलीकडे नेला. चिन्ह बदललं.’’

वहीची आणखी पाने उलटली. चुका पुष्कळ होत्या, पण जवळजवळ सगळ्या याच जातीच्या. ती आळशी नव्हती, निष्काळजीही नव्हती. उलट, पाठ केलेला नियम ती अतिशय प्रामाणिकपणे पाळत होती. जिथे तो लागू नाही तिथेही पाळत होती. नियम का चालतो हे तिला कोणी सांगितले नव्हते, म्हणून तो कुठे चालत नाही हेही तिला कळण्याचा मार्ग नव्हता. आणि एवढ्या एका गोष्टीपायी ती विज्ञान सोडायला निघाली होती!

अर्ज बाजूला ठेवायला सांगून मी तिला प्रयोगशाळेत घेऊन गेलो.

तराजूपुढे

प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला तराजू तुम्ही पाहिला असेल. दोन पारडी, मधे दांडी आणि दांडी समतोल आहे की नाही हे दाखवणारा काटा. सोबत वजनांची लाकडी पेटी आणि वजने उचलायला चिमटा. मी वाळू भरून कागदाच्या तीन सारख्या पुड्या केल्या. एका पुडीत किती वाळू आहे, ते तिला सांगितले नाही. तिन्ही पुड्या आणि ५ ग्रॅमचे वजन डाव्या पारड्यात ठेवले, उजव्या पारड्यात २० ग्रॅमची वजने ठेवली. काटा मध्यावर स्थिर झाला.

‘‘हेच तुझं समीकरण,’’ मी म्हणालो. ‘‘पुडी म्हणजे क्ष. आता डाव्या पारड्यातलं ५ ग्रॅमचं वजन काढ.’’ तिने काढले. दांडी लगेच उजवीकडे कलली. ‘‘आता समतोल परत आणायचा तर?’’ तिने उजवीकडूनही ५ ग्रॅम काढले. काटा मध्यावर आला. तीन पुड्या एकीकडे, १५ ग्रॅम दुसरीकडे.

मित्रहो, इथे जरा थांबा. डावीकडचे ५ ग्रॅम ‘पलीकडे’ गेले का? नाही, ते परत पेटीत गेले. उजव्या पारड्यात काही नवे आले का? तेही नाही. झाले एवढेच, की दोन्ही पारड्यांतून सारखेच वजन उचलले. कागदावर ते असे दिसते:

५ + ३क्ष − ५ = २० − ५

डावीकडे ५ आणि वजा ५ यांचे शून्य झाले, म्हणून ते लिहायचे आपण सोडून दिले. उजवीकडे मात्र ‘− ५’ शिल्लक राहिले. मधली ओळ गाळून पाहणाऱ्याला वाटते, की डावीकडचा ५ उडी मारून पलीकडे गेला आणि जाताना त्याने चिन्ह बदलले. चिन्ह बदललेले नाही, कोणी उडीही मारलेली नाही. शिक्षक ज्याला ‘पक्षांतर’ म्हणतात, ते या गाळलेल्या ओळीचे संक्षिप्त रूप आहे.

आता पुढची पायरी. ‘‘तू १५ मधून ३ वजा केलेस,’’ मी तिला म्हणालो. ‘‘इथं करून दाखव.’’ तिने उजवीकडून ३ ग्रॅम काढले. ‘‘आणि डावीकडे एकच क्ष ठेवायचा आहेस ना? मग दोन पुड्या काढ.’’ तिने काढल्या. दांडी उजवीकडे धाडकन कलली. ती काही वेळ त्या पारड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘मी एका बाजूनं दोन पुड्या काढल्या आणि दुसऱ्या बाजूनं तीन ग्रॅम. ते सारखं कुठं आहे?’’

बस्स, एवढेच समजायचे होते. पुढचे तिने न सांगता केले. तीन पुड्यांचे तीन वाटे, १५ ग्रॅमचेही तीन वाटे, आणि दोन्हीकडे एक-एक वाटा ठेवला. काटा मध्यावर. एक पुडी ५ ग्रॅमची. क्ष बरोबर ५.

३क्ष याचा अर्थ ३ अधिक क्ष नाही; क्ष तीन वेळा घेतला आहे. तीन वेळा घेतलेली वस्तू एकदा घ्यायची तर तीन वाटे करावे लागतात, तीन वजा करून ते होत नाही. बेरजेने जोडलेले वजाबाकीने सुटते, गुणाकाराने जोडलेले भागाकाराने सुटते. आणि जे कराल ते दोन्ही पारड्यांत करायचे. रेषीय समीकरण सोडवण्याची सारी विद्या या दोन वाक्यांत मावते.

‘बराबर’ म्हणजे उत्तर नव्हे

पुष्कळ मुलांच्या वहीत मी अशी ओळ पाहतो:

५ + ३क्ष = २० = १५ = ५

लिहिणाऱ्याच्या मनात ‘बराबर’ या चिन्हाचा अर्थ ‘मग काय येते?’ असा असतो. गणनयंत्रावर त्या चिन्हाची कळ दाबली की उत्तर येते, त्याचीच ही सवय. पण वरची ओळ नीट वाचा. तिच्यात २० आणि १५ सारखेच आहेत, असे तुम्ही लिहून दिले आहे! हे चिन्ह तराजूच्या काट्यासारखे आहे. दोन्ही बाजू समान आहेत एवढीच ग्वाही ते देते. म्हणून प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहावी आणि चिन्ह चिन्हाखाली आणावे. यात केवळ टापटीप नाही. प्रत्येक ओळ म्हणजे तराजूचा एक नवा समतोल असतो.

या दोन रेघा गणितात आल्या त्या १५५७ साली. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधील वैद्याने आपल्या गणिताच्या पुस्तकात त्या प्रथम छापल्या. ‘बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा आला होता. दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघांइतक्या समान दुसऱ्या कोणत्या दोन गोष्टी असणार, असा विचार करून त्याने हे चिन्ह निवडले.

मात्र समीकरणे रेकॉर्डच्या कितीतरी शतके आधीपासून सोडवली जात होती.

घोड्यांची किंमत

आपल्याकडे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात अशा उदाहरणांचा नियम दिला आहे. दोन माणसांजवळ एकाच जातीच्या काही वस्तू आणि काही रोख नाणी आहेत आणि दोघांची एकूण मालमत्ता सारखी आहे. तर नाण्यांतील फरकाला वस्तूंच्या संख्येतील फरकाने भागले, की एका वस्तूची किंमत मिळते. पुढे इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण संख्यांचे नियम मांडले. त्यातले शब्द पाहा: धन म्हणजे गाठीशी असलेला पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज. वजा चिन्हाच्या संख्येला आपण आजही ‘ऋण संख्या’ म्हणतो, तेव्हा नकळत सावकाराच्या वहीतलाच शब्द वापरत असतो.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्यातील ‘बीजगणित’ या भागात एक सुरेख उदाहरण आहे. ते माझ्या शब्दांत सांगतो. एकाजवळ ६ घोडे आणि रोख ३०० नाणी आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० नाण्यांचे कर्ज आहे. दोघे सारखेच श्रीमंत आहेत. तर एका घोड्याची किंमत किती?

घोड्याची किंमत क्ष धरली, तर आज आपण लिहू:

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

त्या काळी अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि त्याचे पहिले अक्षर ‘या’ लिहीत. नुसत्या संख्येला ‘रूप’ म्हणत आणि ‘रू’ लिहीत. दोन बाजू एकीखाली एक मांडत:

या ६ रू ३००
या १० रू १००

दुसऱ्या ओळीतील १०० वर एक टिंब देत. ते टिंब म्हणजे ऋणाची खूण. दोन बाजू आणि त्यांच्यातली समानता ही कल्पना त्यात पूर्णपणे आहे. फक्त आपल्या दोन रेघा नाहीत.

आता हे उदाहरण तराजूवर कसे ठेवणार? कर्ज काही पारड्यात ठेवता येत नाही. इथे आपण त्या दोन माणसांकडेच पाहू. ते सारखेच श्रीमंत आहेत. समजा, कोणी दोघांनाही १०० नाणी दिली. सारख्या दोघांना सारखेच दिले, म्हणजे ते सारखेच राहणार. पहिल्याजवळची नाणी ४०० झाली. दुसऱ्याने मिळालेल्या १०० नाण्यांतून कर्ज फेडले आणि मोकळा झाला.

६क्ष + ४०० = १०क्ष

दुसऱ्याचे कर्ज नाहीसे झाले आणि पहिल्याची रोकड शंभराने वाढली. वही पाहणारा म्हणेल, उजवीकडचे ‘− १००’ डावीकडे गेले आणि ‘+ १००’ झाले. पण खरे काय घडले ते तुम्ही पाहिलेत. आता दोघांनीही सहा-सहा घोडे विकून टाकले आणि आलेला पैसा आपल्या हिशेबातून सारखाच दूर ठेवला, असे समजा. पहिल्याजवळ राहिली ४०० नाणी, दुसऱ्याजवळ राहिले ४ घोडे.

४०० = ४क्ष, म्हणून क्ष = १००

एका घोड्याची किंमत १०० नाणी. पडताळून पाहा: पहिल्याची मालमत्ता ६०० आणि ३०० मिळून ९००. दुसऱ्याची १००० वजा १००, म्हणजे तीही ९००. आर्यभटाचा नियमही लावून पाहा. नाण्यांतला फरक, ३०० जमा आणि १०० कर्ज यांच्यामधला, ४००, घोड्यांतला फरक ४, भागाकार १००.

भास्कराचार्यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा राजज्योतिषी होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ स्थापन केला. त्यासंबंधीचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. पाटणादेवीच्या सहलीला गेलात, तर हे घोड्यांचे उदाहरण जरूर आठवा.

हाडवैद्याचे गणित

इंग्रजीत बीजगणिताला ‘ॲल्जिब्रा’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अल्-जब्र’ वरून आला. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदाद येथे अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने समीकरणांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच हा शब्द आहे. ‘जब्र’ म्हणजे मोडलेले पुन्हा जोडणे. एखाद्या बाजूत काही उणे असेल, तर तेवढेच दोन्ही बाजूंना मिळवून ती बाजू पूर्ण करायची, ही अल्-जब्र. आपल्या उदाहरणात दोघांना १००-१०० नाणी देऊन आपण तेच केले. दोन्ही बाजूंना असलेले सारखे पद दोन्हीकडून काढून टाकायचे, ही ‘अल्-मुकाबला’. घोडे विकून आपण तेही केले. गंमत अशी, की जुन्या स्पॅनिश भाषेत हाडे बसवणाऱ्याला ‘अल्हेब्रिस्ता’ म्हणत. आपल्या हाडवैद्याचा आणि बीजगणिताचा हा असा नातेसंबंध!

तराजूचा न्याय तर आपल्या बाजारातही रोज चालत असे. माझ्या वडिलांचे लहानसे किराणा दुकान होते. गिऱ्हाईक तेलासाठी घरून भांडे घेऊन येई. वडील आधी रिकामे भांडे एका पारड्यात ठेवत आणि दुसऱ्या पारड्यात खडे टाकून काटा मध्यावर आणत. याला ‘धडा करणे’ म्हणत. मग त्याच भांड्यात तेल ओतायचे आणि खड्यांशेजारी वजन ठेवायचे. आता एकीकडे भांडे आणि तेल, दुसरीकडे खडे आणि वजन. भांडे आणि खडे दोन्ही बाजूंना सारखेच, तेव्हा त्यांचा विचारच करायला नको: तेल बरोबर वजन. बीजगणिताचा हा धडा मी काउंटरमागे उभा राहून पाहिला होता, पण वहीतल्या समीकरणाशी त्याचा काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

नेहमीच्या दोन चुका

दोन्ही पारड्यांना सारखी वागणूक द्यायची, हे मनात पक्के असले की गृहपाठातल्या बऱ्याच चुका आपोआप दिसू लागतात. दोन पाहू.

पहिली, कंसाची. २(क्ष − ३) = १० या समीकरणात कंस सोडवताना काही जण २क्ष − ३ = १० असे लिहितात. पण कंस म्हणजे बांधलेले गाठोडे. दोन गाठोडी आहेत, तर आतल्या प्रत्येक वस्तूच्या दोन-दोन झाल्या पाहिजेत: २क्ष − ६ = १०. म्हणून २क्ष = १६ आणि क्ष = ८. किंवा कंस न सोडताच दोन्ही बाजूंचे दोन वाटे केले, तर क्ष − ३ = ५, म्हणजे पुन्हा क्ष = ८.

दुसरी, अपूर्णांकाची. क्ष/२ + ३ = ७. छेद घालवण्यासाठी काही जण क्ष + ३ = १४ लिहितात. पारडे दुप्पट करायचे तर पारड्यातले सारे दुप्पट झाले पाहिजे, त्यात ३ सुद्धा आला: क्ष + ६ = १४, म्हणून क्ष = ८. आधी दोन्हीकडून ३ काढले असते, तर क्ष/२ = ४ आणि पुन्हा क्ष = ८. वाट कोणतीही घ्या. पावले खरी असतील तर मुक्काम एकच येतो.

शून्याचा सापळा

दोन्ही बाजूंना वाटेल ते सारखे केले तर चालते का? जवळजवळ सगळे चालते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. ५क्ष = ३क्ष हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंना क्ष ने भागले, तर ५ = ३ येते! चूक कुठे झाली? दोन्हीकडून ३क्ष काढून पाहा: २क्ष = ०, म्हणून क्ष = ०. म्हणजे आपण शून्याने भागत होतो आणि शून्याने भागता येत नाही. अज्ञात राशीने भागताना ती शून्य तर नसेल ना, हे आधी पाहावे. दोन्ही बाजूंना शून्याने गुणण्यातही अर्थ नाही. ० = ० हे खरेच असते, पण त्यातून क्ष बद्दल काहीच कळत नाही.

याच संदर्भात आणखी दोन प्रकार पाहा. २क्ष + ३ = २क्ष + ५ यातून २क्ष काढले, तर ३ = ५ येते. इथे आपण काही चूक केलेली नाही. या तराजूवर पुडी कितीही जड ठेवा, समतोल होणारच नाही. समीकरणाला उकल नाही. उलट, २(क्ष + ३) = २क्ष + ६ यात क्ष कोणताही घ्या, काटा मध्यावरच. अशा वेळी ‘आपलेच काही चुकले’ म्हणून पान फाडू नका. समीकरण तुम्हाला खरे तेच सांगत असते.

बादलीतले पाणी

समीकरणे पुस्तकातच राहतात असे समजू नका. थंडीच्या दिवसांत बंबातले ५ लिटर पाणी ८० अंश सेल्सिअस तापले आहे. नळाचे पाणी २० अंशांचे आहे. अंघोळीला ४० अंशांचे पाणी हवे, तर नळाचे किती लिटर पाणी मिसळावे? बादली आणि हवा यांनी घेतलेली उष्णता सोडून देऊ. गरम पाण्याने गमावलेली उष्णता आणि थंड पाण्याने मिळवलेली उष्णता सारखी असते. हा निसर्गाचा तराजू. गरम पाणी ४० अंशांनी उतरते, थंड पाणी २० अंशांनी चढते:

५ × ४० = क्ष × २०

म्हणजे २०क्ष = २०० आणि क्ष = १० लिटर.

आणखी एक. सेल्सिअस अंशांना ९ ने गुणून ५ ने भागले आणि ३२ मिळवले, की फॅरनहाइट अंश मिळतात. दोन्ही तापमापकांवर एकच आकडा दिसेल असे तापमान आहे का? तो आकडा क्ष माना:

क्ष = (९क्ष)/५ + ३२

दोन्ही बाजू पाचपट करू: ५क्ष = ९क्ष + १६०. दोन्हीकडून ९क्ष काढू: −४क्ष = १६०. म्हणून क्ष = −४०. उणे ४० अंशांना दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवतील. मात्र ते पाऱ्याचे घेऊ नका. पारा सुमारे उणे ३९ अंश सेल्सिअसलाच गोठतो!

निवाडा तुमच्याच हाती

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. क्ष मिळाला की गणित संपले, असे पुष्कळांना वाटते. मग उत्तर बरोबर की चूक हे पाहायला ते पुस्तकाची शेवटची पाने उलटतात, शेजाऱ्याची वही पाहतात, नाहीतर समीकरणावर मोबाइलचा कॅमेरा धरतात. पण समीकरणाजवळ स्वतःचा न्यायाधीश असतो. आलेली किंमत मूळ समीकरणात क्ष च्या जागी ठेवा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. यालाच पडताळा म्हणतात. त्या मुलीच्या वहीतले १२ सेकंद ठेवून पाहा: ५ + ३६ = ४१. वेग तर २० हवा होता. आता ५ सेकंद ठेवा: ५ + १५ = २०. काटा मध्यावर.

अर्ध्या मिनिटाचे हे काम आहे. इतिहासातल्या सनावळीसाठी पुस्तकावर विसंबावे लागते, रसायनाच्या गुणधर्मासाठी प्रयोगशाळा लागते. समीकरणाच्या उत्तरासाठी मात्र कोणालाही विचारावे लागत नाही. शिक्षक, पुस्तक, यंत्र यांपैकी कोणी काहीही म्हणो, दोन्ही बाजू समान आल्या की तुमचे उत्तर खरे.

त्या मुलीने तो अर्ज परत नेला, तो पुन्हा आणला नाही. पुढे दोनेक महिन्यांनी मी फळ्यावर एक लांबलचक उदाहरण सोडवत होतो. उत्तर लिहून खडू ठेवला, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, पडताळा येत नाही.’’ तीच होती. मी पुन्हा पाहिले. तिसऱ्या ओळीत माझेच चिन्ह चुकले होते. मी ते पुसून दुरुस्त केले. वर्गासमोर माझी चूक निघाली, पण प्राध्यापक झाल्यापासून असा आनंदाचा तास मला क्वचितच मिळाला असेल.

सोडवून पाहा

१. एका मित्राजवळ ४ वह्या आणि ५० रुपये आहेत. दुसऱ्याजवळ तशाच ७ वह्या आहेत, पण तो ४० रुपये देणे लागतो. दोघांची मालमत्ता सारखी आहे. एका वहीची किंमत किती?

२. एका संख्येत तिचाच चौथा भाग मिळवला की १५ होतात. ती संख्या कोणती? हे उदाहरण इजिप्तमधील आह्मेस या लेखनिकाच्या, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसवर आहे. तो प्रथम ४ ही संख्या धरून पाही: ४ आणि १ मिळून ५, आपल्याला हवेत तिप्पट, म्हणून संख्याही तिप्पट घ्यायची. ‘लीलावती’त अशाच रीतीला ‘इष्टकर्म’ म्हटले आहे. तुम्ही दोन्ही रीतींनी करा. मग ५ + ३क्ष = २० ला ही रीत का लागू पडत नाही, त्याचा विचार करा.

३. ७० अंशांचे ६ लिटर पाणी आहे. नळाचे पाणी २५ अंशांचे आहे. ४० अंशांचे पाणी हवे, तर नळाचे किती लिटर पाणी घालावे?

४. ३(क्ष − २) = ३क्ष − ६ आणि ३(क्ष − २) = ३क्ष + १ ही समीकरणे काय सांगतात?

उत्तरे मुद्दामच छापलेली नाहीत. ती बरोबर आली की नाही, हे कसे पाहायचे ते आता तुम्हाला ठाऊक आहे.